दगडी घर, जुना डेस्कटॉप आणि इंटरनेट: आधी टेबलाची जागा ठरवा

प्रश्न असा आला आहे: "मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६७. तालुक्याच्या गावी जुन्या दगडी घरात राहते. पुतण्यानं त्याच्या ऑफिसातला वापरलेला डेस्कटॉप आणून दिलाय. त्याला इंटरनेट कसं जोडायचं? कुणी म्हणतं मोबाईलवरून घ्या, कुणी म्हणतं फायबर घ्या, केबलवाला म्हणतो १०० एमबीपीएसच घ्या. मला नातीशी व्हिडिओवर बोलायचंय, पेन्शनचं बघायचंय आणि मुलांसाठी गोष्टी टाईप करायच्यात. मला काहीच माहीत नाही असं धरून सांगा."

बाई (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही), तुम्ही सगळं लिहिलंत, पण मला हवं होतं ते एकच राहिलं. कॉम्प्युटरचं टेबल घरात कुठे ठेवणार आहात?

थट्टा नाही करत. वीसेक वर्षं मी लोकांच्या घरी इंटरनेट जोडतोय. आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर, मग केबलवाल्यांच्या लॅन वायरवर (हीही तांब्याचीच, कॉम्प्युटरला जोडतात ती), आता फायबरवर, म्हणजे काचेच्या धाग्यावर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ कंपनीत सापडत नाही, ते घरातल्या शेवटच्या दहा मीटरमध्ये सापडतं. लोक महिनाभर प्लॅनची तुलना करत बसतात आणि इंटरनेटचं खोकं (बाहेरची वायर ज्याला जोडतात आणि जे घरात नेट वाटतं) कुठे बसवायचं ते मात्र शिडीवर चढलेला पोरगा ठरवतो. तो स्वतःच्या सोयीनंच ठरवणार. वायर ज्या खिडकीतून आत आली त्याच खिडकीशेजारी पहिला खिळा, त्यावर खोकं, सही, रामराम. मग कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये दीड फुटी दगडी भिंत, आणि वर्षभर "तुमचं नेट स्लो आहे" म्हणून फोन.

म्हणून आधी जागा ठरवा. टेबल शक्यतो अशा खोलीत, जिथे बाहेरून वायर आणता येईल, जिथे विजेचे किमान चार-पाच पॉइंट आहेत, आणि जिथे दुपारचं ऊन स्क्रीनवर पडत नाही. फायबरचं खोकं त्याच खोलीत, टेबलापासून दोन-तीन मीटरच्या आत, कमरेच्या वर, उघड्यावर. लोखंडी कपाटावर नको, टीव्हीच्या मागे नको, आणि "दिसायला बरं नाही" म्हणून शोकेसच्या आत तर मुळीच नको. हे एवढं जमलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता मोबाईल की फायबर. खरं सांगतो, यात माझ्या धंद्याचं नुकसान आहे. पेन्शनचं खातं बघायला आणि चार ईमेल करायला तुमचा मोबाईल पुरेसा आहे. गोष्टी टाईप करायला तर इंटरनेट लागतच नाही. विंडोजमध्ये मराठी कळफलक एकदा सुरू करून घेतला की पुढे नेट बंद असलं तरी टायपिंग चालतं. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे नात. व्हिडिओवर तासभर गप्पा मारल्या की साधारण एक जीबीच्या आसपास डेटा जातो, चित्र किती स्वच्छ आहे त्यावर कमी-जास्त. तुमचं रिचार्ज रोजचं दीड-दोन जीबीवालं असेल, तर नातीनं शाळेचं गॅदरिंग दाखवायला घेतलं की त्या दिवसाचा कोटा संपला. दुसरं म्हणजे कॉम्प्युटर स्वतः. तुम्ही काही न करता बसला असाल, तरी विंडोज मागच्या दारानं अपडेट उतरवत असतं, आणि ती कधीकधी काही जीबींची असतात. मोबाईलवर हे परवडत नाही.

तरीही पहिला महिना मोबाईलवर काढा असंच मी सांगेन. एक पैसा खर्च न करता कॉम्प्युटर चालतो का, तुम्हाला बसवतं का, डोळ्यांना झेपतं का, हे कळतं. त्यासाठी मोबाईलची चार्जिंगची केबल कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत लावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर "यूएसबी टेदरिंग" म्हणून बटण असतं ते चालू करा. केबल डेटा जाणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात, त्या लावल्या तर ते बटण दाबलंच जात नाही. अँड्रॉइड फोन असेल तर बहुतेक वेळा विंडोज काही न विचारता अर्ध्या मिनिटात नेट पकडतं. आणखी एक करा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीला "मीटर्ड कनेक्शन" करून ठेवा. म्हणजे डेटा मोजूनमापून मिळतोय हे विंडोजला समजतं आणि ते मोठी अपडेट शक्यतो थांबवून धरतं.

या यूएसबी टेदरिंगचा आणखी एक उपयोग आहे आणि तो तुमच्या बाबतीत लागू शकेल. ऑफिसातनं निघालेले डेस्कटॉप बऱ्याचदा पुसून, नवं विंडोज टाकून देतात. नव्या विंडोजला त्या मशीनच्या लॅन कार्डाचा (वायर जोडतात त्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, कधीकधी ओळखीचा नसतो. ड्रायव्हर हवा तर इंटरनेट पाहिजे, इंटरनेट हवं तर ड्रायव्हर पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. अशा वेळी मोबाईल यूएसबीनं लावायचा, विंडोज अपडेट चालवायचं, ड्रायव्हर आपोआप येतो.

पुतण्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, त्यात विंडोज १० आहे की ११. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्याला सुरक्षेची मोफत अपडेट पूर्वीसारखी मिळत नाहीत. पेन्शनच्या खात्याचा व्यवहार अशा मशीनवर मी तरी करणार नाही. मशीनवर ११ बसत असेल तर आधी ते टाकून घ्या. सगळ्या जुन्या मशीनवर ते बसत नाही, प्रोसेसर फार जुना असला की नकार देतं. दुसरी गोष्ट, त्यात वायफाय आहे का. ऑफिसचे डेस्कटॉप वायरवर चालणारे असतात, त्यामुळे बहुधा नसेल. नसलं तरी बिघडत नाही, कारण तुम्हाला मी वायरच सांगणार आहे.

फायबर घ्यायचं ठरलं, तर कुणाचं घ्यायचं? तालुक्याच्या गावी साधारण तीन दारं असतात. बीएसएनएलचं फायबर, जे बऱ्याच ठिकाणी गावातलाच एखादा भागीदार चालवतो. मोठ्या खासगी कंपन्या, त्यांची वायर तुमच्या गल्लीपर्यंत आली असेल तर. आणि गावातला केबलवाला, जो कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ, म्हणजे घाऊक इंटरनेट, घेऊन वाटतो. चौथं दार हल्ली उघडलंय ते ५जीच्या हवेतल्या जोडणीचं, ज्यात गच्चीवर एक डबा बसवतात आणि तो टॉवरकडून सिग्नल घेतो. जियो आणि एअरटेल दोघांनीही ही सेवा २०२३ मध्ये आणली. फायबर पोचत नाही तिथे ती चांगली आहे. फायबर दारात असेल तर माझी पसंती फायबरला, कारण टॉवरवर संध्याकाळी गर्दी होते तशी तुमच्या वेग-वाट्याची ओढाताण तिथे जास्त जाणवते.

कंपनी निवडताना जाहिरात बघू नका. शेजारच्या चार घरी जा आणि दोनच प्रश्न विचारा. पावसाळ्यात किती दिवस बंद होतं? बंद झालं की फोन कोण उचलतो, माणूस किती वेळात येतो? रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं फायबर तोडली, माकडांनी ओढली, मांडवाच्या बांबूखाली दबली, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. फरक पडतो तो जोडायला कोण कधी येतं त्यानं. पाच वर्षांत कंपनी बदलेल, पण ज्या गावात वायरमन संध्याकाळच्या आत दारात उभा राहतो तिथलं नेट चांगलं, असा माझा साधा हिशोब आहे. आणि कनेक्शन एकदम वर्षाचे पैसे भरून घेऊ नका. पहिले तीन महिने बघा, मग सवलतीचा मोह करा.

आता केबलवाल्याचे १०० एमबीपीएस. तुम्ही गणित शिकवलंय, म्हणून पाटीवरच मांडतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. त्यातला बी हा बिटचा, आणि आपण फाईल मोजतो बाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाईट उतरणार आणि एक जीबीची फाईल सव्वातीन-साडेतीन मिनिटांत येणार. मी या धंद्यात येण्याआधी सायबर कॅफेत बसायचो तेव्हा टेलिफोनवरच्या मोडेमचा कमाल वेग ५६ हजार बिट होता. त्या वेगानं हीच फाईल उतरायला चाळीस तास लागले असते, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा वेग याहूनही कमी होता. व्हिडिओवरच्या गप्पांना दोन ते चार एमबीपीएस भरपूर झाले. तुम्ही, कॉम्प्युटर आणि दोन मोबाईल, एवढ्यांना ३० ते ५० चा प्लॅन डोळे मिटून घ्या. असे प्लॅन साधारण चारशे-पाचशेपासून सुरू होतात, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीत तो धरलेला नसतो, म्हणून "हातात किती पडतील?" असं विचारा. इन्स्टॉलेशनचे आणि खोक्याच्या डिपॉझिटचे पैसे वेगळे आहेत का, कनेक्शन सोडलं तर डिपॉझिट परत मिळतं का, हेही त्याच वेळी.

माणूस जोडायला येईल तो दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी घरी राहा, आणि खुर्ची टाकून बसा. तो काळी, चपटी, बारीक केबल खांबावरून ओढून आणेल, तिला ड्रॉप केबल म्हणतात. तिच्या पोटात एक काचेचा धागा असतो, वेष्टण काढलं की जेमतेम केसाएवढा. त्यातून तुमचं इंटरनेट उजेडाच्या रूपात येतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तुटलेल्या टोकात डोकावून बघू नका, नातवंडांनाही बघू देऊ नका. आणि वेष्टण सोलताना पडलेले काचेचे तुकडे त्यालाच चिकटपट्टीवर उचलायला लावा. ते पायात गेले की दिसत नाहीत आणि निघतही नाहीत.

केबल घरात शिरते तिथे तिला बाहेरच्या बाजूनं खाली एक झोळ द्यायला सांगा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी गळून जातं, भोकातून भिंतीत शिरत नाही. हे सांगितलं नाही तर शंभरातले नव्वद जण केबल तिरकी सरळ भोकात घालतात. घराच्या आत कोपऱ्यावर तिला काटकोनात दाबून खिळा मारू देऊ नका. काच वाकते, पण रागावते. वळण चहाच्या बशीएवढं गोल असावं. उरलेली केबल गुंडाळायची झाली तरी त्याच मापानं.

मग तो टोकाला हिरवा प्लग बसवेल. हिरवा आणि निळा असे दोन प्रकार असतात. हिरव्याचं तोंड किंचित तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघं एकमेकांत जातात, पण बसत नाहीत, उजेड वाया जातो. खोक्याची खाच हिरवी असेल तर प्लगही हिरवा हवा, हे तुम्ही नुसतं बघून सांगू शकता. प्लग लावण्याआधी त्याला म्हणा, "लाईट किती येतोय ते मीटरवर दाखवा." हा आमच्या धंद्यातला प्रश्न आहे, तो ऐकला की पोरगा जरा सावरून बसतो. मीटरवर उणे आकडा दिसेल. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला, म्हणजे २८, २९, तर नाही म्हणा. आज चालेल, पण पहिल्या पावसात ते खोकं लाल दिवा दाखवेल. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका उजेड जास्त, हे गणित तुम्हाला समजावायला नको. तो आकडा डायरीत तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं "तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे", तर मीटर लावून पुन्हा मोजा म्हणायचं.

खोक्याला कुणी ओएनटी म्हणतो, कुणी ओएनयू, कुणी राउटर, कुणी नुसतं "मोडेम". आपण खोकंच म्हणू. त्याच्यावर दिव्यांची ओळ असते. पॉवरचा दिवा विजेचा. पॉनचा (खोक्यावर PON लिहिलेला) हिरवा स्थिर असला की कंपनीकडचा उजेड पोचतोय. लॉसचा (LOS लिहिलेला) दिवा एरवी विझलेला असतो, तो लाल लुकलुकला की बाहेर केबल तुटली, दबली किंवा प्लग निघालाय. इंटरनेटचा दिवा असेल तर तो तुमचं खातं चालू आहे का ते सांगतो. बऱ्याच कंपन्यांत खात्याला युजरनेम आणि पासवर्ड असतो आणि तो त्या पोरानं खोक्यात भरायचा असतो, कॉम्प्युटरमध्ये नाही. तोही डायरीत लिहून घ्या. कधी खोक्याच्या मागचं बारीक छिद्रातलं बटण कुणी सुईनं दाबलं, तर सगळं पुसलं जातं आणि मग त्या युजरनेमसाठी दोन दिवस फोन करत बसावं लागतं.

आता खोक्यापासून कॉम्प्युटरपर्यंत. इथे मी हट्टी आहे. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून इंटरनेट कशाला? लॅन वायर घ्या, कॅट ६ लिहिलेली, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार मिळते, तीन मीटरची फार महाग नसते. कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीच्या खाचांशेजारी एक चौकोनी, जरा मोठी खाच असते. वायरच्या प्लगला एक चिमटा असतो, तो "टक्" असा आवाज करून बसतो. आवाज नाही आला तर बसला नाही. दुसरं टोक खोक्यावरच्या लॅन लिहिलेल्या कुठल्याही खाचेत. फोनची म्हणून एक सारखीच पण अरुंद खाच खोक्यावर असते, तिच्यात ठोसून घालू नका. खाचेपाशी बारका दिवा लुकलुकू लागला आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल जाऊन तिथे छोटा कॉम्प्युटर दिसला, की जोडणी झाली. पासवर्ड नाही, सेटिंग नाही.

तयार वायर घ्या असं का म्हणतो, त्याला माझीच एक फजिती कारण आहे. एका गिऱ्हाईकानं २०० चा प्लॅन घेतला होता. स्पीड टेस्ट लावली की ९४. सकाळी ९४, रात्री ९४, काही केल्या ९४. मी कंपनीशी भांडलो, खोकं बदललं, त्यांच्या कॉम्प्युटरला नावं ठेवली. चौथ्या फेरीला वायरचं टोक चष्मा लावून बघितलं. लॅन वायरमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळानं चार जोड्या. ओळीनं पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. शेवटची तपकिरी तार प्लगात मिलिमीटरभर मागे राहिली होती, पितळी दाताला टेकलीच नव्हती. आता गंमत बघा. शंभरच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, हजारच्या वेगाला चारही. एक तार सुटली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर उतरतं, आणि शंभरातून प्रत्यक्ष हाती ९४-९५ पडतात. तो प्लग मीच महिन्यापूर्वी क्रिम्प केला, म्हणजे पकडीनं दाबून बसवला होता. गिऱ्हाईकानं चहा पाजला, मी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून ९४ आकडा ऐकला की मी आधी वायर काढून बघतो.

तुमच्या ५० च्या प्लॅनला या दोषानं फरक पडणार नाही. पण तुमची वायर उंदरानं कुरतडली, तर हे लक्षात असू द्या.

वायफाय लागणारच, मोबाईलसाठी. बहुतेक खोकी रेडिओ-लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नावाच्या शेवटी ५जी लिहिलेलं दिसतं ते बहुधा या दुसऱ्या पट्ट्याचं, त्याचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही. ५ वेगवान, पण भिंतीला घाबरणारा. २.४ सावकाश, पण जरा रेटून जातो. तुमच्या दगडी भिंतीपुढे मात्र दोघंही हात टेकतात. एक भिंत कसाबसा ओलांडतील, दुसरी नाही. लोक अशा वेळी बाजारातून सिग्नल वाढवायचं यंत्र आणून त्याच मेलेल्या कोपऱ्यात लावतात. तिथे सिग्नलच नाही तर ते वाढवणार काय? स्वयंपाकघरात किंवा माडीवर नेट हवं असेल, तर खोक्यापासून तिथवर एक लॅन वायर ओढून टोकाला दुसरा साधा राउटर लावायचा. दारं-चौकटींच्या कडेनं वायर नेली की भिंत फोडावी लागत नाही.

विजेचं. भारनियमन असो नसो, वीज जातेच. खोकं बहुतेक १२ व्होल्टवर चालतं, त्याच्यासाठी छोटा मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, तो दोन-चार तास खोकं जिवंत ठेवतो. घेण्याआधी खोक्याच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा दुकानदाराला दाखवा. फायबरच्या या पद्धतीत कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही, म्हणून गाव अंधारात असताना तुमचा मोबाईल वायफायवर चालू राहू शकतो. पण तुमचा केबलवाला जर अजून खांबावरच्या स्विचमधून लॅन वायरच घरात देत असेल, तर त्या स्विचची वीज गेली की तुमचंही गेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे वळीव. एप्रिल-मेमधला तो गडगडाटी पाऊस आला की तांब्याच्या वायरीतून विजेचा धक्का आत येतो आणि लॅनची खाच, कधी अख्खा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी, जळतो. एका वळवानंतर मी एकाच गल्लीत सलग पाच घरांत जळकी खोकी काढली होती. काचेतून वीज वाहत नाही. म्हणून केबलवाल्याला स्पष्ट विचारा, "घरात फायबर येणार की लॅन वायर?" लॅन वायर म्हणाला तर दुसरं दार ठोठवा. फायबर असली तरी जोराचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावे, कारण विजेच्या बाजूनं धक्का येऊ शकतोच.

बंद पडलं तर काय करायचं, यासाठी फोन करण्याआधी एवढं बघा. मोबाईलवर वायफायनं नेट चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष घरात आहे. वायरची दोन्ही टोकं काढून पुन्हा "टक्" करून लावा, कॉम्प्युटर बंद-चालू करा. दोन्हीकडे नाही आणि लॉसचा दिवा लाल, तर दोष बाहेर आहे, खोकं दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, फोन करा आणि "लॉस लाल आहे" एवढंच सांगा. सगळे दिवे हिरवे पण नेट नाही, तर आधी रिचार्जची तारीख बघा. हसू नका, डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरी मी यासाठी गेलोय. रिचार्ज असेल तर खोक्याची वीज एक मिनिट बंद ठेवून पुन्हा द्या आणि पाच मिनिटं हात लावू नका. तरी कॉम्प्युटर हटून बसला, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ चा पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कात कॉम्प्युटरला मिळालेला क्रमांक, बघा. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर खोक्याशी त्याचं बोलणं चालू आहे. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर खोक्यानं त्याला पत्ताच दिलेला नाही, त्यानं आपला आपण लावून घेतलाय. मग वायर किंवा खाच बदलून बघायची.

जुन्या मशीनचा एक खास आजार. नेट चालू, मोबाईल व्यवस्थित, पण कॉम्प्युटरवर प्रत्येक साईट "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. कोपऱ्यातली तारीख बघा. पाच-दहा वर्षं मागची असेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याहून जरा कमी-जास्त आकाराचा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ विसरतं, आणि तारीख चुकली की साईटची सुरक्षा-पत्रं त्याला खोटी वाटतात. घड्याळाच्या दुकानातही मिळतो तो सेल. पुतण्याकडून बदलून घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात. वायफायला खोक्याच्या मागे छापलेला पासवर्ड तसाच ठेवू नका, आणि आडनाव व मोबाईल नंबरही ठेवू नका, गल्लीतल्या पोरांचा पहिला अंदाज तोच असतो. एखादी जुनी म्हण जोडून इंग्रजी अक्षरांत लिहा, मध्ये आकडे घाला. खोक्याच्या आतल्या सेटिंगचाही एक पासवर्ड असतो, तो बऱ्याचदा अ‍ॅडमिन हाच असतो, तो त्या पोराकडूनच बदलून घ्या. आणि "तुमच्या इंटरनेट कंपनीतून बोलतोय, नेट बंद होणार आहे, हे अ‍ॅप टाका आणि आकडा सांगा" असा फोन आला, तर ठेवून द्या. ते अ‍ॅप तुमची स्क्रीन त्याच्या हातात देतं. खरी कंपनी नेट बंद करायला तुमची परवानगी मागत नाही, सरळ बंद करते. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि बुकिंग करताना एक आवर्जून सांगा: भिंत दगडी आहे, दीड फुटाची आहे. इन्स्टॉलेशनच्या पोरांकडे विटांच्या भिंतीपुरता ड्रिलचा बिट असतो, वीतभर लांबीचा. तो घेऊन आला तर तुमच्या भिंतीत अर्ध्यावर अडकेल आणि मग तो म्हणेल, "बाई, दरवाजाच्या फटीतून घेतो." फटीतून घेऊ देऊ नका, आठवडाभरात दार काच चिरडेल. दोन फुटी बिट आणायला सांगा. नसेल त्याच्याकडे तर गावातल्या नळकाम करणाऱ्याकडे असतो. टेबलाच्या जागी आदल्या दिवशी भिंतीवर खडूनं फुली मारून ठेवा.